गजऱ्यातले माइक

हेडफोन लावल्याशिवाय ही फाइल उघडू नका. डावा डाव्याच कानावर, उजवा उजव्याच. उलटे लावलेत तर मी आरशातली होईन, आणि आरशातल्या आजीशी तुमची ओळख नाही.

ओंकार, रेवा, तुम्ही तिकडे टोरांटोला हे वाचाल तेव्हा माझं टेबल आवरलेलं असेल. आत्ता त्यावर लॅपटॉप आहे, त्याच्या डावीकडे एक कॅसेट, उजवीकडे पिवळं पडलेलं एक कार्ड. खिडकीतून बदलापूरचे टॉवर दिसतात आणि त्यांच्या फटीतून थोडा डोंगर. तुमचे आजोबा म्हणायचे, भूकंप झाला तरी हिची कात्री जागेवर सापडेल. सगळं जागेवर ठेवायची ही सवय मला कधी लागली, ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी काडेपेटीबद्दल सांगायला हवं.

आमच्या लहानपणाला काडेपेटीचा वास आहे. अंबरनाथला माझे वडील काडेपेट्यांच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. ओल्या लाकडाचा आंबूस वास सकाळी, गुलाचा तिखट वास दुपारी, आणि बाबांच्या शर्टाला दोन्ही. भोंगा झाला की आई तांदूळ धुवायला घ्यायची. दुसरा भोंगा झाला की ताटं मांडायची. आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तर ते कळायला आठवडा लागायचा. बाबा पुडी भरभरून बिनगुलाच्या काड्या आणायचे, नुसतं पांढरं लाकूड. त्या काड्यांची मी घरं बांधायचे. माझा मोठा भाऊ मोहनदादा त्या मूठभर घेऊन सुपात सोडायचा आणि डोळे मिटून ऐकायचा.

"चिंगे, हे काय वाजतंय सांग."

"काड्या पडतायत."

"तुला काही कळत नाही. टाळ्या वाजतायत. लांबून."

चिंगी म्हणजे मी. हे नाव त्यानेच ठेवलं होतं आणि तोच वापरायचा.

आमचा मामा बोटीवर होता. त्याने परदेशातून एक टेपरेकॉर्डर आणला, डबलरोटीएवढा, खांद्याला अडकवायचा. दादा कॉलेजात होता. तो दिसेल ते टेप करायला लागला. आईची फोडणी, भोंगा, शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरतानाची आपली पावलं. मग त्याला मुंबईच्या इंग्रजी गाण्यांच्या कार्यक्रमांचं वेड लागलं. मैदानावर स्टेज घालून, केस वाढवलेली मुलं मोठमोठ्या स्पीकरांतून गिटार वाजवायची. वर्षा-दोन वर्षांत कधी एखादा बँड खरोखर परदेशातून यायचा. आत टेपरेकॉर्डर न्यायला बंदी होती. दाराशी मुलांच्या पिशव्या तपासायचे. पण साडी नेसलेल्या, अंबाडा घातलेल्या मुलीकडे कोणी संशयाने बघत नसे.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी मेकॅनिकने दादाला दोन माइक बनवून दिले, शर्टाच्या बटणाएवढे. आई मोगऱ्याचा दाट गजरा ओवायची. एक माइक डाव्या कानाच्या मागे, एक उजव्या, दोन्ही गजऱ्याच्या आत. मोगरा वाऱ्याचा आवाज अडवतो, हा दादाचा शोध. वायरी मानेवरून पदराखाली, पदराखालून पर्समध्ये, आणि पर्स माझ्या मांडीवर. दादा नेहमी माझ्या मागच्या रांगेत बसायचा, वायर दिसायला लागली तर झाकता यावी म्हणून.

"मान हलवायची नाही," तो म्हणायचा. "तू हललीस की सगळं जग हलतं. तू आता माणूस नाहीस, तू स्टँड आहेस."

"स्टँडला भूक लागली तर?"

"स्टँडला कार्यक्रम संपल्यावर वडा मिळतो."

"एक?"

"मान हलली नाही तर दोन."

सुरू होण्याआधी तो माझ्या डाव्या कानाशी चुटकी वाजवायचा, मग उजव्या. "चिंगी डावी. चिंगी उजवी." एवढं बोललं की त्याचं बोलणं संपलं. मग दोन तास तो टाळी वाजवत नसे, शिट्टी मारत नसे, खोकत नसे. आणि मी समोर बघत बसायचे. एकोणीस वर्षांची मुलगी, इतक्या गर्दीत, देवीच्या मुखवट्यासारखी ताठ. घामाची धार पाठीवरून उतरायची. आजूबाजूचे नाचायचे. मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत, कारण मी ते कधी पाहिलेच नाहीत.

त्या वर्षी परदेशी बँड आला, त्या संध्याकाळचं मला इतकंच आठवत होतं: मध्येच स्टेजवरचे दिवे मंद झाले आणि एकटी गिटार वाजू लागली, इतकी मोठ्याने की दात दुखावेत. तेवढ्यात मानेला काहीतरी गरम लागलं. मला वाटलं, वायर तापली. मी दचकून मागे वळले. अंधारात डोळ्यांपुढे पिवळे ठिपके हलत होते. चक्कर येतेय असं वाटलं आणि मी झटकन पुन्हा समोर पाहू लागले. घरी जाताना मी ते दादाला सांगितलं नाही. त्याच्या लक्षात आलं नसेल अशी आशा होती. त्याने दोन वडे घेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर कॅसेटचं कार्ड दिसलं. टेप ऐकून झाली की रेकॉर्डरवरच्या आकड्यांप्रमाणे तो खराब झालेल्या जागा त्यावर लिहून ठेवायचा. त्याच्या बारीक, उभ्या अक्षरात चार ओळी होत्या.

०८७ खोकला. १४० शिट्टी. १७३ बाटली फुटली. २१२ चिंगी.

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. मला भयंकर राग आला. दोन वर्षं मी त्याच्यासाठी दगड होऊन बसत होते आणि त्याने मला खोकल्याच्या आणि फुटक्या बाटलीच्या रांगेत बसवलं होतं. मी अबोला धरला. आमच्या घरी अबोल्याची रीत ठरलेली होती: बोलणं आईमार्फत.

"आई, चिंगीला सांग, दोनशे बारा ऐक म्हणावं एकदा."

"आई, त्याला सांग, स्टँडला कान नसतात."

"तुमचा निरोप्या व्हायला मला पगार द्या," आई पोळी लाटता लाटता म्हणायची.

तीन आठवडे असे गेले. तिसऱ्या रविवारी दादा मित्रांबरोबर बारवी धरणावर पोहायला निघाला. चपला घालता घालता दारातून म्हणाला, "आई, चिंगीला विचार, येताना काही आणू का?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी काड्यांचे तुकडे झाडत होते. मी झाडतच राहिले.

संध्याकाळी मित्र आले. दादा आला नाही.

त्याबद्दल मी याहून जास्त कधी लिहिणार नाही. एवढंच सांगते, आपल्या नळाला येतं ते पाणी बारवीचं आहे. मी ते रोज गाळते, उकळते, आणि पिते.

बाबांनी रेकॉर्डर आणि कॅसेट कपाटात बंद करून किल्ली आपल्या जानव्याला बांधली. माझ्या हाती ती कॅसेट आली तेव्हा माझं लग्न होऊन तुमची आई चालायला लागली होती. मी ती आमच्या टेपवर लावली. सुरुवातीला दादाचा आवाज होता, बारीक, घाईघाईचा, एखाद्या शाळकरी मुलासारखा. "चिंगी डावी. चिंगी उजवी." दोनशे बाराला गिटारीचा कल्लोळ उजवीकडून डावीकडे सरकला आणि पुन्हा जागेवर आला. बस, तेवढंच. माझी मान. माझी चूक. वर्षातून एकदा, त्या रविवारच्या आसपास, मी ती ऐकायचे आणि परत तिच्या जागी ठेवायचे. दर वर्षी गाणी थोडी आत बुडत गेली, ओल्या भिंतीपलीकडे वाजल्यासारखी. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर पट्टीवर पांढरी लव आली होती.

म्हणून मी या हिवाळ्यात उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमधलं ते दुकान अजून आहे. बाहेर मोबाइलची कव्हरं लटकतात. आत, पडद्यामागे, त्या मेकॅनिकचा मुलगा हरेश जुन्या टेपा नीट करतो. लग्नाच्या, कीर्तनांच्या, आणि हल्ली तुमच्यासारख्यांचे आईबाप जपून ठेवतात तसल्या जुन्या रॉकच्याही. त्याचं वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीला. त्याने कॅसेट उजेडात धरली.

"अदी, हे तर लोणचं झालंय." सिंधीत अदी म्हणजे थोरली बहीण.

"होईल का काही?"

"होईल. पण एकदाच. पट्टीवरचा थर सुटतोय. एकदा चालवली की तो निघून येणार, मग दुसऱ्यांदा वाजवायला काय राहणार?" मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "गाणी पाहिजेत का? गाणी तर दुसरीकडे पण मिळतील."

"गाणी नकोत. एका जागी माझी मान हलली आहे. ती का हलली, ते पाहिजे."

तो हसला नाही. त्याने लिहून घेतलं.

तीन आठवडे कॅसेट स्टीलच्या डब्यात होती, ओल शोषणाऱ्या पुड्यांमध्ये, पापडासारखी. मग त्याने तोंडाला फडकं बांधून पट्टीवरची बुरशी हातभर हातभर पुसून काढली. नव्या पेटीत घातली. मशीनच्या हेडचा एक बारीक स्क्रू वडिलांच्या पेचकसाने तिळातिळाने फिरवून आमच्या घरच्या टेपवर दबून राहणारे आवाजही उघडले, आणि टेप एकदा, एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "अदी, दुपारी या. बाजार चालू असतो तेव्हा."

"का?"

"तुमच्या मागे एक माणूस आहे. सगळे लोक टाळ्या वाजवतात. हा वाजवत नाही. हा फक्त श्वास घेतो."

मी दुपारी गेले. पडद्याबाहेर कोणीतरी कव्हरसाठी घासाघीस करत होतं. हरेशने स्क्रीनवर एक रेघ दाखवली. ती स्टेजवरच्या विजेची गुणगुण होती. ही सेकंदाला पन्नास कंपनांच्या आसपास असते, तो म्हणाला, आणि तुमच्या टेपवर ती पंचावन्नला सुरू होऊन साठपर्यंत चढते.

"म्हणजे?"

"सेल उतरलेले होते. टेप करताना मशीन हळू चालत होतं. म्हणून आता नेहमीच्या वेगाने वाजवलं की सगळे घाईत बोलतात, बारीक आवाजात."

मला टॉर्च आठवला. दादाने निघताना घरच्या टॉर्चमधले सेल काढून रेकॉर्डरमध्ये घातले होते, आणि आईने त्यावरून त्याला बोल लावले होते.

"म्हणजे माझ्या भावाचा आवाज..."

"तो नाही हा. स्पीड बरोबर केला की खरा येईल. करू?"

इतकी वर्षं मी त्या बारीक आवाजाला राखी बांधली होती. माझ्याकडे दुसरा नव्हता. हरेश म्हणाला, दोन्ही फाइली ठेवतो, काळजी करू नका. फाइली ठेवता येतात. पण एकदा खरा ऐकल्यावर कानात दोन्ही कसे ठेवणार? एखादी वस्तू चुकीच्या जागी इतकी वर्षं राहिली की तीच तिची जागा होते. तरी मी हो म्हटलं. मला चुकीच्या जागी ठेवलेलं सहन होत नाही, हे तुम्ही जाणताच.

त्याने हेडफोन माझ्या कानांवर बसवले.

आधी अंधार. मग माणसं, माझ्या चारी बाजूंना. पुढे, बाजूला, वर कठड्यावर बसलेली. कोणाची तरी किल्ल्यांची जुडी, शेंगदाण्यांच्या पुडीचा कागद, पारशी वळणाचं इंग्रजी. आता ही सगळी म्हातारी असतील, बरीचशी नसतीलही. इथे मात्र त्यांना तहान लागली होती आणि कार्यक्रम सुरू व्हायला उशीर होत होता. मी त्यांच्या मधोमध होते. मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि तो मी आत्ता घेत असलेल्या श्वासाशी जुळत नव्हता. एकोणीस वर्षांच्या डोक्यात अडुसष्ट वर्षांची बाई शिरली होती आणि त्या मुलीला पत्ता नव्हता.

डाव्या कानाशी चुटकी वाजली. माझे केस शहारले.

"चिंगी डावी," एक परका पुरुष म्हणाला.

भारदस्त, शांत, जरा घोगरा आवाज. मी या माणसाला कधी भेटले नव्हते. उजवीकडे चुटकी. "चिंगी उजवी." हेडफोन काढून ठेवावेत असं वाटलं. दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात माझं नाव होतं. मग ओंकार, तू आठवलास. तुझा आवाज फुटल्यानंतर तू पहिल्यांदा फोन केलास आणि मी विचारलं, कोण बोलतंय? तू म्हणालास, आजी, मीच. मी पुन्हा ऐकलं. तोच होता. तेवीस वर्षांचा होता तो, पुरा वाढलेला पुरुष. मी त्याला इतकी वर्षं लहान करून ठेवलं होतं.

गाणी सुरू झाली. त्यांचा बुडालेपणा गेला होता, प्रत्येक तार सुटी. खोकला आला तिथे खोकला होता. शिट्टी होती. बाटली फुटली. गाणं संपलं की टाळ्यांचा लोंढा यायचा, आणि त्याच्यामागे, माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर, हरेश म्हणाला होता तो श्वास. संथ. जागा न सोडणारा. मला मोगऱ्याचा वास आला असं लिहायला आवडलं असतं. आला नाही. मी वाट पाहिली.

एकेचाळिसावं मिनिट, म्हणजे कार्डावरचे दोनशे बारा. लोकांचा गलबला खाली बसला, दिवे मंद झाले असणार, एकटी गिटार. हरेशने स्क्रीनवर बोट ठेवलं. श्वास जवळ आला. इतका जवळ की हेडफोनच्या आतल्या बाजूने ऊब लागावी. गजऱ्यात तोंड घालून बोलल्यासारखा, गिटारीच्या दणक्यात तेव्हा माझ्या कानाला ऐकू न आलेला पण माइकने टिपलेला, तो आवाज म्हणाला,

"चिंगे, मागं बघ. बाबांच्या काड्या."

आणि सगळं मैदान माझ्याभोवती फिरलं.

मी वळले होते. खुर्चीत, हेडफोनची वायर ताणून, मागे. "काय रे?" मी म्हणाले. मोठ्याने.

मागे पडदा होता. तो वाऱ्याने हलावा इतपत हलत होता.

कानात मैदान परत जागेवर आलं. दादा नाकातल्या नाकात हसला, आणि पुन्हा त्याचा श्वास संथ झाला. त्या अंधारात जे पिवळे ठिपके मी पाहिले ती चक्कर नव्हती. लोकांनी काड्या पेटवून हात वर धरले होते, रांगांमागून रांगा, एक विझली की दुसरी. आमच्या कारखान्यातल्या काड्या. टेपच्या शिस्तीपायी सख्ख्या बहिणीचा दगड केलेल्या माणसाने ते पाहिलं आणि आपली सगळ्यात चांगली टेप आपल्या हाताने मोडली, कारण त्या मैदानात ते न पाहणारी मी एकटीच होते.

"माझ्याशी बोललात, अदी?" हरेशने विचारलं.

"नाही."

त्याने स्क्रीनवरचं बोट काढलं. मग कामाचं बोलला. "हा आवाज काढून टाकता येतो. गाण्याच्या मध्येच येतो ना. साफ होईल एकदम."

"नको," मी म्हटलं. "गिटार जरा कमी करता आली तर बघ."

परत येताना मी रिक्षा अंबरनाथवरून घ्यायला सांगितली. वसाहतीच्या जागी काय आहे ते बघायला उतरले नाही. भोंग्याची वेळ होती. रिक्षावाला सिग्नलला थांबला आणि मी ऐकलं, भोंगा न होण्याचा आवाज कसा असतो ते.

कार्ड आता माझ्यासमोर आहे. खोकला, शिट्टी, बाटली, चिंगी. पहिल्या तीन ओळी काय झालं ते सांगतात. चौथीत नुसतं नाव आहे, पत्रावर लिहावं तसं. दोनशे बारा ऐक म्हणावं, असा निरोप त्याने तीन आठवडे पाठवला. मी तो घेतला नाही. दारातून विचारलेलंही माझ्याकडे तसंच पडून आहे. त्यानंतर माझ्या घरात एकही वस्तू मी जागेवरून हलू दिली नाही, आणि लोक त्याला व्यवस्थितपणा म्हणत आले.

फाइल सोबत पाठवली आहे. तुम्ही ऐकाल तेव्हा तुमच्या दोन कानांच्या मध्ये मी असेन. माझ्या वतीने मान ताठ ठेवायची काही गरज नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला मानेला गरम लागल्यासारखं वाटेल. घाबरू नका, मागे वळा. तिथे कोणी नसेल. तरीही त्याला ओ द्या, मोठ्याने, "काय रे" एवढं पुरे.

मी त्याला फार दिवस ताटकळत ठेवलं आहे.